डॉट-कॅश की डॉट-लोकल-शेअर? लिनक्सवर फाइल कुठे टाकायची

सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एखाद्या चादर कारखान्यासाठी जेकार्ड (मागावरच विणल्या जाणाऱ्या) नक्षीचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं, की लवकरच प्रश्न पडतो: लिनक्सवर फाइली ठेवायच्या कुठे? होममध्ये, म्हणजे वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरात (खूण ~), प्रोग्रॅमच्या नावाचा डॉट-फोल्डर, म्हणजे टिंबाने सुरू होणारा लपलेला फोल्डर, काढून सगळं त्यात कोंबणं ही जुनी खोड. एक्सडीजीच्या, म्हणजे लिनक्स डेस्कटॉपवर कुठली फाइल कुठे ठेवायची हे ठरवणाऱ्या नियमांनुसार सेटिंग ~/.कॉन्फिगमध्ये जातात, तिथे फारसं कुणी चुकत नाही. घोळ होतो ~/.लोकल/शेअर आणि ~/.कॅश यांत, कारण दोन्हीकडे प्रोग्रॅम गुपचूप लिहितो.

कसोटी एकच: फाइल पुसली तर प्रोग्रॅम ती स्वतः पुन्हा बनवू शकेल का? नक्षीचं छोटं चित्र मूळ फाइलवरून पुन्हा निघतं, म्हणून ते कॅश. कारागिराने तासन्‌तास बसून जुळवलेलं सुताच्या रंगांचं शेड कार्ड परत निघत नाही, म्हणून ते लोकल-शेअर. डिस्क भरली की लोक आधी ~/.कॅश साफ करतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. शेड कार्ड तिथे असेल तर चूक आपली. उलटं केलं तर बॅकअप फुगतो: प्रत्येकी 300 केबीची 2,000 छोटी चित्रं लोकल-शेअरमध्ये टाकली, की 600 एमबी फुकटचा भार.

नावाजलेल्या साधनांतही ही सीमा पुसट असते. जेटब्रेन्स कंपनीचे कोड-एडिटर शोधासाठी बनवलेल्या सूची (इंडेक्स) ~/.कॅशमध्ये ठेवतात ते रास्तच, पण 'लोकल हिस्टरी', म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंदही तिथेच असते. फोल्डर सरसकट उडवला, की कोडच्या जुन्या आवृत्त्याही जातात. व्हीएस कोड हा एडिटर तर स्वतःची कॅश ~/.कॉन्फिग/कोडमध्येच ठेवतो, सेटिंगचा बॅकअप घेताना त्यातला फक्त 'युजर' फोल्डर उचलावा.

अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी, खिडकीचा आकार असल्या किरकोळ आठवणींसाठी 2021 पासून ~/.लोकल/स्टेट आहे. आणि नक्षीची मूळ फाइल? ती यांतल्या कुठल्याच फोल्डरमध्ये नको. ती मालकाला दिसेल अशा, त्यानेच निवडलेल्या जागी हवी. तिथेही 'डॉक्युमेंट्स' हे नाव कोडमध्ये लिहून ठेवू नका. सिस्टिम मराठीत असेल तर फोल्डरचं नावही मराठीत असू शकतं. एक्सडीजी-युजर-डिर कमांडला विचारा, ती खरा पत्ता देते.

पत्ता काढताना आधी एक्सडीजी_कॅश_होम किंवा एक्सडीजी_डेटा_होम हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सिस्टिमने प्रोग्रॅमला दिलेलं मूल्य) बघायचं. रिकामं असेल किंवा स्लॅशने सुरू होत नसेल, तर सोडून द्यायचं आणि नेहमीची जागा धरायची. फोल्डर नसेल तर 0700 परवानगीने (फक्त मालकालाच उघडता येईल असा) बनवायचा. कॅशमधली फाइल प्रोग्रॅम चालू असतानाही गायब होऊ शकते, तेव्हा दर वेळी 'नसेल तर बनव' असंच लिहा.

पायथनमध्ये एक सापळा आहे. टिल्ड (~ ही खूण) उलगडून होमचा पत्ता देतो तो शेल, म्हणजे कमांड टाइप करायचा प्रोग्रॅम; पायथनचं फाइल उघडणारं ओपन नव्हे. पायथनचं टिल्ड उलगडणारं एक्स्पँडयूजर न लावता ~/.कॅश असा पत्ता फोल्डर बनवायला दिला, तर चालू फोल्डरातच '~' नावाचा फोल्डर उगवतो. तो काढायला कुणी शेलमध्ये आरएम -आरएफ ~ (न विचारता सगळं पुसणारी कमांड) टाइप केलं, की अख्खं होम साफ! पुसायचाच असेल तर ./~ असं लिहा.