हम्झानामा

अमीर हम्झाच्या अद्भुत कथांवर अकबर बादशहाने तयार करवून घेतलेली प्रचंड सचित्र पोथी. राक्षस, पऱ्या, जादूगार, अय्यार (वेष पालटून हेरगिरी करणारे) आणि त्यांच्याशी झुंजणारे वीर यांच्या सुमारे १४०० चित्रांची ही मालिका होती. मुघल चित्रशैली खऱ्या अर्थाने घडली ती याच कामात. आज त्यांतली दोनशेही चित्रे उरलेली नाहीत.

हम्झा हे मुहम्मद पैगंबरांच्या काकांचे नाव. कथेतला हम्झा मात्र इतिहासाच्या कुंपणात राहिला नाही. इराणात तोंडोतोंडी वाढत गेलेल्या दास्तानीत, म्हणजे लांबलचक अद्भुतकथेत, तो पऱ्यांच्या काफ पर्वतावर जातो, देवांशी लढतो, आस्मान परीशी लग्न करतो. (फारसी कथांतला ‘देव’ म्हणजे आपल्याकडचा राक्षस, हे मराठी वाचकाने आधीच ध्यानात ठेवावे, नाहीतर सगळा घोटाळा होतो.) त्याचा जिवलग साथीदार उमर अय्यार. तलवारीपेक्षा वेषांतर आणि युक्ती यांवर त्याची भिस्त. समोर उभा जमुर्रुद शाह: धिप्पाड, दाढीत मोती ओवलेला, स्वतःलाच ईश्वर म्हणवणारा राजा.

काम साधारण १५६२ ते १५७७ या काळात चालले. काही अभ्यासक ते १५५७ ते १५७२ असे मागे नेतात. इराणहून आलेला मीर सय्यद अली आधी प्रमुख होता, पुढे ही जबाबदारी अब्दुस्समदकडे आली. त्यांच्या हाताखाली हिंदुस्थानी चित्रकारांचा मोठा ताफा होता. त्यांतला दसवंत हा पालखी वाहणाऱ्या कहाराचा मुलगा. तो भिंतींवर चित्रे काढत असे, ती अकबराच्या नजरेस पडली आणि त्याने त्याला अब्दुस्समदच्या हवाली केले, असे अकबराचा इतिहासकार अबुल फझल याने लिहून ठेवले आहे. पानांवर चित्रकारांच्या सह्या नाहीत, त्यामुळे कोणते चित्र कोणाचे हे शैलीवरूनच ठरवावे लागते.

चित्रे सुती कापडावर आहेत आणि आकाराने दांडगी: सुमारे ६८ सेंटिमीटर उंच, ५२ सेंटिमीटर रुंद. मांडीवर घेऊन वाचायच्या नाजूक इराणी पोथ्यांशी यांची तुलनाच नको. पाठीमागे कागद चिकटवून त्यावर नस्तालिक या फारसी लेखनाच्या वळणदार लिपीत मजकूर लिहिलेला असे. कथा सांगणारा वाचतो आहे आणि समोर चित्र धरले आहे, अशी ही योजना असावी. १५६४ मध्ये नरवरजवळ हत्तींच्या शिकारीनंतर अकबर आपला कथाकार दरबार खान याच्याकडून हम्झाची कथा ऐकत बसला, अशी नोंद ‘अकबरनामा’ या त्याच्या कारकिर्दीच्या इतिहासात आहे. चित्र दाखवत कथा सांगणे आपल्याला परके नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी रामायण-महाभारतातले प्रसंग असेच उभे करत आले. या दोन परंपरांचा थेट संबंध कोणी जोडू नये, पण चित्र मोठे, ठसठशीत आणि लांबून कळणारे का असावे लागते, हे पिंगुळीची चित्रे पाहिलेल्याला चटकन उमगेल.

हम्झानाम्याचा खरा आनंद आहे तो कधीच न घडलेला प्रसंग डोळ्यांपुढे कसा आणला यात. व्हिएन्नातल्या एका चित्रात हरलेला जमुर्रुद शाह सैन्यासह आकाशातून पळतो आहे. त्यासाठी जादूगारांनी पाठवलेले वाहन कोणते, तर रांजण! पंखांचे घोडे काढणे सोपे होते. उडता रांजण पाहताना मात्र डोळा अडतो, कारण रांजण प्रत्येकाच्या घरात असतो आणि तो किती जड हे प्रत्येकाला ठाऊक असते. दुसऱ्या एका चित्रात हाच राजा विहिरीत अडकला आहे आणि बागेतले माळी त्याला बडवून काढताहेत. देवत्वाचा दावा करणाऱ्याची याहून मोठी फजिती कोणती असणार! ब्रुकलिनच्या संग्रहालयातल्या चित्रात अर्घान नावाचा देव हम्झाकडे चिलखताची पेटी घेऊन येतो. एवढा भयंकर जीव, आणि काम हमालाचे.

या देवांचे रूप इराणी चित्रपरंपरेतून आले: शिंगे, रंगीत किंवा ठिपक्याठिपक्यांची कातडी, आखूड वस्त्र, हातापायांत सोन्याची कडी. अजगर तर त्याहून लांबचा प्रवासी; चीनमधले त्याचे वळसेदार रूप मंगोल काळात इराणात रुळले आणि तिथून इकडे पोचले. पण त्यांच्याभोवतीची झाडे, पाणी आणि माणसांची धावपळ मात्र इथल्या चित्रकारांच्या हातची. ब्रिटिश म्युझियममध्ये इलियास पैगंबर समुद्रात बुडणाऱ्या नूर-अद-दहर या राजपुत्राला वाचवतो असे चित्र आहे. ते अकबराच्या दरबारातला चित्रकार बसावन याचे मानतात. त्यातली दाट झाडी पाहताना समुद्रावरची नजर पुन्हा पुन्हा किनाऱ्याकडे वळते. आणि वीर म्हणजे केवळ पुरुष असेही नाही. एका चित्रात राजकन्या मेहरदुख्त धनुष्य ताणून उंचावरच्या कडीवर नेम धरते. द्रौपदीच्या स्वयंवरात पण जिंकायला पुरुष उभे राहतात. इथे बाण तिच्याच हातात आहे.

पोथीची पुढची कहाणी दुःखाची आहे. १८७३ मध्ये व्हिएन्नात भरलेल्या जागतिक प्रदर्शनातून ६० चित्रे तिथल्या संग्रहालयाला मिळाली. १८८१ मध्ये लंडनच्या संग्रहालयासाठी खरेदी करत फिरणाऱ्या कॅस्पर पर्डन क्लार्कला श्रीनगरात आणखी काही सापडली. त्यांतली काही खिडक्या बंद करायला लावलेली होती. अनेक पानांवरचे चेहरे कोणीतरी घासून पुसले आहेत. पोथीच्या बांधणीने नुकसानीत भर घातली. एखाद्या चित्राच्या पाठीवरचा मजकूर त्या चित्राचा नसून पुढच्या पानावरच्या चित्राचा असतो. दोन्ही पाने समोरासमोर असताना ते बरोबर जुळे. पाने सुटी होऊन देशोदेशी गेल्यावर चित्र एकीकडे आणि त्याची गोष्ट दुसरीकडे राहिली. म्हणून कित्येक चित्रांत कोण कोणाशी लढतो आहे हे अभ्यासकांना अजून मागचे-पुढचे पान शोधूनच ठरवावे लागते.