जुन्या फियाटला दुसऱ्या सालाचे इंजिन: आरसीवरील नोंद आणि विंटेज नोंदणी

१९६८ च्या फियाट ११०० डी मध्ये १९८५ च्या प्रीमियर पद्मिनीचे इंजिन बसवणे जाणत्या मेकॅनिकला अवघड नाही, कारण दोन्ही इंजिने १०८९ सीसीचीच आहेत. अडते ते आरटीओत, आणि तेही बहुधा वर्षे उलटल्यावर. खासगी मोटारीच्या नोंदणीचे १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, त्या तपासणीत निरीक्षक इंजिन क्रमांक आरसीशी ताडून पाहतो आणि तफावत तेव्हा उघडी पडते.

कार्ब्युरेटर, हेड किंवा वॉटर पंप बदलल्याने आरसीवरील नोंद बदलत नाही. इंजिन क्रमांक ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्यावर, कोरलेला असतो, त्यामुळे ब्लॉक बदलला की मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चा प्रश्न येतो. बदल केल्यापासून १४ दिवसांत तो आपल्या आरटीओला कळवावा लागतो. हे दिवस इंजिन बसवल्यापासून मोजायचे असतात. गाडी रंगून, सजून रस्त्यावर येईपर्यंत थांबणारे अर्जदार इथेच चुकतात. शक्यतो आधी परवानगी घ्यावी आणि मगच इंजिन उतरवावे. अर्ज परिवहन संकेतस्थळावरून करता येतो. गाडीवर कर्जाचा बोजा असल्यास वित्तपुरवठादाराची लेखी संमती घ्यावी आणि विमा पॉलिसीतही नवा क्रमांक नोंदवून घ्यावा.

खरी रखडपट्टी इंजिनाच्या मालकीच्या पुराव्यावरून होते. भंगारवाल्याच्या पावतीवर ‘जुने इंजिन, १ नग’ एवढेच लिहिलेले असते आणि अशा पावतीला काडीची किंमत नसते. पावतीवर इंजिन क्रमांक, विक्रेत्याचे नाव-पत्ता आणि तारीख हवी. शक्य असल्यास मूळ गाडीच्या आरसीची प्रतही पैसे देण्यापूर्वीच मागून घ्यावी. वीस वर्षांपूर्वी तुकडे झालेल्या गाडीचे आरसी पुस्तक आणायचे कुठून, हा अर्जदाराचा सवाल रास्तच आहे, पण खिडकीपलीकडे त्याला उत्तर मिळत नाही. इंजिन चोरीच्या गाडीचे नाही, याची खातरजमा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वाहन शोध सेवेवर करून तो दाखला अर्जाला जोडावा.

क्रमांकावरचा तेलकट थर रॉकेल आणि फडक्याने पुसावा. ग्राइंडर किंवा जाड पॉलिश पेपर लावल्यास अंक पुसट होतात, पेन्सिल प्रिंट (अंकांवर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसा) उमटत नाही आणि निष्पाप मालकावरही खाडाखोडीचा संशय येतो. मग ‘क्रमांक पुन्हा ठोकून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी तर मुळीच लागू नये.

विंटेज नोंदणी हवी असणाऱ्यांनी याहून जपावे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली, मूळ स्वरूपातील गाडीच पात्र ठरते. ही वर्षे निर्मितीच्या सालापासून मोजली जात नाहीत. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनातील फेरबदल हा ‘मोठा फेरबदल’ धरला जातो. त्यामुळे पद्मिनीचा तशाच जातीचा ब्लॉक विंटेज गाड्या तपासणाऱ्या समितीपुढे निदान समजावून सांगता येईल, पण डिझेल इंजिन घातलेल्या गाडीचा अर्ज करूच नये. नव्या विंटेज नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते, मात्र अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही.

म्हणून मूळ ब्लॉक भंगारात देऊ नये. त्यावरील क्रमांकाला ग्रीस लावून, कापडात गुंडाळून तो गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवावा. पुढे बोअर करून (झिजलेले सिलिंडर आतून कातून) तोच परत बसवला, तर त्याचीही नोंद पुन्हा १४ दिवसांच्या आत करावी लागेल.