पासवर्ड हवेतून जातच नाही, तरी तो सापडतो कसा?

लातूरमधील एका अभ्यासिकेच्या चालकांनी मला नुकतेच मोठ्या विश्वासाने सांगितले, की त्यांनी वायफायचे नाव लपवून ठेवले आहे, त्यामुळे बाहेरच्या कोणाला त्यात शिरता येणार नाही. पासवर्ड विचारला, तेव्हा त्यांनी दारावरच्या पाटीकडे बोट दाखवले. तेथे लिहिलेला मोबाइल क्रमांक हाच पासवर्ड होता.

नाव लपवणे म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय पुरवणारा राउटर) सेकंदाला साधारण १० वेळा जी हाळी देत असतो, तिच्यातून नाव वगळणे एवढेच. जोडणी करणाऱ्या प्रत्येक फोनला ते नाव उघडपणे घ्यावेच लागते, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते थोड्या प्रतीक्षेने मिळते. ठरावीक यंत्रांनाच प्रवेश देणारी मॅक पत्त्यांची (म्हणजे यंत्रांच्या ओळख क्रमांकांची) यादीही अशीच कुचकामी, कारण हे पत्ते हवेत उघडे फिरतात आणि त्यांची नक्कल करता येते.

खरे संरक्षण असते ते २००४ साली आलेल्या डब्ल्यूपीए२ या वायफाय सुरक्षेच्या पद्धतीतील चार संदेशांच्या देवाणघेवाणीत, आणि ही रचना मला विलक्षण सुंदर वाटते. प्रथम फोन आणि अ‍ॅक्सेस पॉइंट आपापल्या ठिकाणी पासवर्डमध्ये नेटवर्कचे नाव मिसळतात, ते मिश्रण एका गणिती प्रक्रियेतून ४०९६ वेळा घुसळतात आणि त्यातून २५६ बिटांची मूळ किल्ली काढतात. ही किल्ली हवेत कधीच जात नाही. मग अ‍ॅक्सेस पॉइंट एक यादृच्छिक संख्या पाठवतो. फोन स्वतःची दुसरी संख्या तयार करतो. या दोन संख्या, दोन्ही यंत्रांचे मॅक पत्ते आणि मूळ किल्ली यांपासून त्या जोडणीपुरती नवी किल्ली घडते. फोन आपल्या संख्येसोबत या नव्या किल्लीने केलेली एक मोहोर पाठवतो. अ‍ॅक्सेस पॉइंट तीच मोहोर स्वतः काढून पाहतो, आणि ती जुळली तर समोरच्याला पासवर्ड ठाऊक आहे हे तो न विचारताच सिद्ध होते. उरलेले दोन संदेश सामायिक किल्ली देण्यासाठी आणि पोच देण्यासाठी असतात.

कमकुवत जागाही नेमकी येथेच आहे. पहिले दोन संदेश टिपून घेणाऱ्याजवळ पासवर्ड वगळता सर्व काही असते, म्हणून तो घरी बसून एकेक अंदाज त्याच गणितातून फिरवतो आणि मोहोर जुळते का ते पाहतो. भारतातील मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे शक्यता ४०० कोटी. एक चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला पाच लाख अंदाज सहज तपासते, तेव्हा सगळे क्रमांक संपायला सुमारे सव्वादोन तास लागतात; पाटी वाचणाऱ्याला तेवढेही नकोत. याउलट मनाला येतील ती नव्हे, तर खरोखर यदृच्छेने निवडलेली १४ इंग्रजी अक्षरे (सगळी लहान लिपीतली) असतील, तर त्याच गतीने सुमारे ४० लाख वर्षे लागतील.

नेटवर्कचे नाव येथे मिठाचे काम करते, आणि संकेतशास्त्रात त्याला ‘सॉल्ट’ असेच म्हणतात. पासवर्डचे पीठ तेच असले, तरी मीठ बदलले की किल्ली बदलते. कारखान्यातून आलेले सर्वसाधारण नाव कायम ठेवले, तर त्या नावासाठी कोणीतरी आधीच करून ठेवलेल्या किल्ल्यांचे तक्ते आपल्यालाही लागू पडतात. म्हणून नाव लपवण्यापेक्षा ते बदलणे अधिक उपयोगाचे. (राउटर वास्तुशास्त्राप्रमाणे आग्नेयेस ठेवावा का, असेही मला विचारण्यात आले आहे. रेडिओलहरींना दिशेचे सोयरसुतक नसते; त्यांना माळवदाच्या घराची हातभर जाड मातीची भिंत अडवते.)

अभ्यासिकेत आणखी एक अडचण आहे. पासवर्ड सर्वांना ठाऊक असल्यामुळे शेजारच्याचे जोडणीच्या वेळचे संदेश टिपणारा विद्यार्थी त्याची जोडणीपुरती किल्लीही काढू शकतो. बँकेच्या संकेतस्थळाचे स्वतःचे कूटलेखन तरीही टिकते, पण कोण कोठे जात आहे याचा माग बराच लागतो. २०१८ साली आलेल्या डब्ल्यूपीए३ या पुढच्या पद्धतीमध्ये प्रत्येक अंदाजासाठी अ‍ॅक्सेस पॉइंटशी प्रत्यक्ष बोलावे लागते, आणि पासवर्ड माहीत असूनही टिपून ठेवलेले संभाषण उलगडत नाही.

चालकांनी सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए३ निवडले, तेव्हा काही जुने फोन जोडले जाईनात, म्हणून त्यांना मिश्र पद्धत ठेवावी लागली. या पद्धतीत जुने फोन डब्ल्यूपीए२ नेच जोडले जातात आणि पासवर्ड दोन्हींसाठी एकच असतो, त्यामुळे पाटीवरचा क्रमांक त्यांना शेवटी बदलावाच लागला.