इलेक्ट्रॉनिक्स अँड कॉम्प्युटर : शाखा निवडण्यापासून कॅपच्या अर्जापर्यंत

‘कॉम्प्युटर मिळालं नाही तर ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन)’ हे जुनं गणित आता तेवढं सरळ राहिलेलं नाही. महाराष्ट्रातल्या अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर एकत्र शिकवणारी शाखा आहे. कुठे तिचं नाव ‘इलेक्ट्रॉनिक्स अँड कॉम्प्युटर इंजिनिअरिंग’, कुठे ‘इलेक्ट्रॉनिक्स अँड कॉम्प्युटर सायन्स’. कॅपचा, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा, अर्ज भरायला बसण्याआधी एक काम करा: ज्या महाविद्यालयांचा विचार आहे, त्यांचा दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम डाउनलोड करा. पहिलं वर्ष बघून फारसं काही कळत नाही, ते बहुतेक शाखांना जवळपास सारखंच असतं. डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, कॉम्प्युटर नेटवर्क हे चारही विषय पूर्ण पेपर म्हणून आहेत का, आणि त्यांच्या जोडीला मायक्रोकंट्रोलर, एम्बेडेड सिस्टिम, व्हीएलएसआय (चिप डिझाइन) आहे का, हे पाहा. पहिले चार नुसते ‘इलेक्टिव्ह’मध्ये टाकले असतील तर ती नाव बदललेली इलेक्ट्रॉनिक्स शाखा आहे असं मी तरी समजेन.

चिप डिझाइन, फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर), आयओटी (इंटरनेटला जोडलेली उपकरणं) अशा कामांकडे ओढा असेल तर ही जोडी खरोखर उपयोगाची. फक्त सॉफ्टवेअरच करायचं असेल तर सर्किट आणि सिग्नलचे पेपर चार वर्षं अंगावर घेण्यात अर्थ नाही. सरकारी नोकरीचा विचार असेल तर आणखी एक खबरदारी घ्या. भरतीच्या जाहिरातीत पात्र शाखांची नावं छापलेली असतात, त्यामुळे तुमच्या पदवीवर नेमकं कुठलं नाव येणार हे आधीच विचारून घ्या.

पात्रता फार किचकट नाही. बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित अनिवार्य. तिसरा विषय रसायनशास्त्र किंवा नियमावलीतल्या यादीतला, म्हणजे जीवशास्त्र, कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स वगैरे. या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला किमान 45 टक्के आणि महाराष्ट्रातल्या मागास प्रवर्ग, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) व दिव्यांग उमेदवारांना 40 टक्के गुण हवेत. शिवाय एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटात शून्यापेक्षा जास्त गुण. ही परीक्षा 200 गुणांची असते, त्यातले 100 एकट्या गणिताचे, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. अखिल भारतीय जागांसाठी जेईई मेनचे गुण धरले जातात. डिप्लोमा झालेल्यांची वाट वेगळी: त्यांना थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो, त्याची कॅप स्वतंत्र असते.

सीईटी दिली की अर्ज झाला, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. सीईटीचा अर्ज वेगळा आणि निकालानंतर सीईटी सेलच्या संकेतस्थळावर करायची कॅप नोंदणी वेगळी. या नोंदणीत कागदपत्रं अपलोड करून त्यांची छाननी करून घ्यायची असते. ती घरबसल्या ई-स्क्रुटिनीने होते किंवा सुविधा केंद्रावर, म्हणजे एफसीवर, प्रत्यक्ष जाऊन. घरात स्कॅनर आणि धड इंटरनेट नसेल तर सरळ एफसी गाठा. ई-स्क्रुटिनीत त्रुटी निघाली की अर्ज परत येतो आणि तो वेळेत दुरुस्त करणं तुमच्यावर असतं.

खरी अडचण होते ती कागदपत्रांत. दहावी-बारावीची गुणपत्रकं आणि शाळा सोडल्याचा दाखला सगळ्यांकडे असतो. दाखल्यावर राष्ट्रीयत्व ‘भारतीय’ लिहिलंय का एवढं बघा. डोमिसाइल, म्हणजे वय-राष्ट्रीयत्व-अधिवास प्रमाणपत्र, सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून काढता येतं; निकालानंतर तिथे झुंबड उडते, म्हणून बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीतच काढून ठेवा. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून आणि डोमिसाइल असेल तर अर्जात तुमचा उमेदवारी प्रकार ‘टाइप ए’. शिक्षण राज्याबाहेर झालं असलं तरी तुम्ही, आई किंवा वडील इथले अधिवासी असाल तर ‘टाइप बी’ आहे. केंद्र व राज्य सरकारी कर्मचाऱ्यांची मुलं आणि सीमाभागातले विद्यार्थी यांच्यासाठी सी, डी आणि ई.

राखीव प्रवर्गाला जात प्रमाणपत्राबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि सगळ्यात जास्त वेळ हेच खातं. अकरावीत असतानाच महाविद्यालयामार्फत पडताळणी समितीकडे अर्ज टाका. वैधता हाती नसेल तर अर्जाची पावती चालते का आणि मूळ प्रमाणपत्र कधीपर्यंत द्यायचं, हे त्या वर्षीच्या सूचनेत असतं. त्या मुदतीत ते दिलं नाही तर राखीव जागा हातची जाते. एससी-एसटी वगळता इतर मागास प्रवर्गांना नॉन क्रिमीलेयर लागतं आणि ते प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातल्या 31 मार्चपर्यंत वैध असावं लागतं. गेल्या वर्षीचं दाखवून भागत नाही. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर उत्पन्नाचा दाखलाही काढाच: त्यावर टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागांसाठी दावा करता येतो. शिवाय ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना 2024-25 पासून मिळणाऱ्या शुल्कमाफीलाही तीच उत्पन्नमर्यादा आहे. ही माफी आपोआप लागत नाही, महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर वेगळा अर्ज भरावा लागतो.

गुणवत्ता यादी लागली की ऑप्शन फॉर्म, म्हणजे महाविद्यालय-शाखांची पसंतीक्रमाने यादी. त्याआधी गेल्या वर्षीची कटऑफ यादी वाचायला शिका. जागेच्या कोडचं पहिलं अक्षर ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण, ‘एल’ म्हणजे मुलींसाठी. शेवटचं ‘एच’ असेल तर होम युनिव्हर्सिटी, म्हणजे त्याच विद्यापीठाच्या भागातले उमेदवार, ‘ओ’ असेल तर बाहेरच्या विद्यापीठातले उमेदवार, ‘एस’ म्हणजे राज्यस्तर. नागपुरात बारावी केलेल्याने पुण्याच्या महाविद्यालयाचा ‘एच’चा आकडा बघून खूश होण्यात काही हशील नाही. प्रत्येक महाविद्यालयातल्या प्रत्येक शाखेला स्वतंत्र चॉइस कोड असतो. शाखांची नावं इतकी सारखी असतात, की नाव नव्हे, कोड जुळवून भरा.

क्रम आपल्या खऱ्या आवडीचा ठेवा. वर अवघड पर्याय भरल्याने खालचे पर्याय हुकत नाहीत. मात्र 2025-26 च्या प्रवेशात चार फेऱ्या झाल्या आणि नियम कडक झाले: पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कुठलाही मिळाला की जागा आपोआप गोठते, म्हणजे तीच अंतिम ठरते. ती घेतली नाही तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून ‘चांगल्या महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स अँड कॉम्प्युटर, की मध्यम महाविद्यालयात निव्वळ कॉम्प्युटर’ हा वाद घरात फॉर्म भरण्याआधीच मिटवा. माझं मत विचाराल तर, अभ्यासक्रम वर सांगितलेल्या कसोटीला उतरत असेल तर चांगलं महाविद्यालय. ई अँड टीसी घेऊन कॉम्प्युटरमध्ये ‘मायनर’ (जोडीचा दुय्यम विषय) करायची सोय असेल तर तोही पर्याय यादीत असू द्या.

जागा मिळाली की लॉगिनमधून ती स्वीकारायची, 1000 रुपये स्वीकृती शुल्क भरायचं आणि दिलेल्या मुदतीत महाविद्यालयात मूळ कागदपत्रं व फी देऊन प्रवेश निश्चित करायचा. गोठलेली जागा फक्त ऑनलाइन स्वीकारून घरी बसलात तर ती पुढच्या फेरीत दुसऱ्याला जाते.

सीईटीत फारच कमी पर्सेंटाइल आला असेल, तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या बीएस्सी कॉम्प्युटर सायन्समध्ये इलेक्ट्रॉनिक्स आणि गणित हे विषय परंपरेने कॉम्प्युटरच्या जोडीला आहेत. त्याचे अर्ज महाविद्यालयांकडे असतात आणि बारावीचा निकाल लागला की लगेच सुरू होतात, त्यामुळे कॅपची वाट बघत असतानाही तिथला एक अर्ज भरून ठेवा.