पीठिका वेगळी, 'उद्देश व कारणे' वेगळं

परवा बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापुरात झेरॉक्सच्या दुकानात एक काका भेटले, हातात कुठल्यातरी बिलाची प्रिंट, शेवटच्या पानावर चार ओळी पिवळ्या हायलायटरनं रंगवलेल्या. म्हणतात कसे, "हे बघा की ओ, कायद्याच्या पीठिकेतच लिवलंय, मग हे नाही कसं म्हणतात?" बघितलं तर ती पीठिका, म्हणजे कायद्याच्या सुरुवातीची प्रस्तावना, नव्हतीच, 'उद्देश व कारणे यांचं निवेदन' होतं.

गोंधळ होणारच हो. संविधानात शब्द आहे उद्देशिका, पेपरवाले सरनामा लिहितात, कुणी प्रास्ताविका म्हणतं, आणि आमच्याकडची पोरं कन्नडातलं 'पीठिके' ऐकतात, २०२३ पासून कर्नाटकात शाळा-कॉलेजात ती वाचायला लावलीय ना. एका गोष्टीला चार नावं, त्यात निवेदनातही परत 'उद्देश' आहेच.

निवेदन म्हणजे बिल मांडताना ते का आणलं हे सांगणारी चिठ्ठी समजा, खाली मंत्र्याची सही. त्यावर सभागृह मत देत नाही, आणि बिलाचा कायदा झाला की ती चिठ्ठी कायद्यात राहतच नाही. कोर्ट ती बघतं, पण कायदा कुठल्या परिस्थितीत आला एवढं कळावं म्हणून, कलमाचा अर्थ तिच्यावरून ठरवत नाही.

उद्देशिकेवर मात्र मतदान झालंय. १७ ऑक्टोबर १९४९ ला, कलमं उरकल्यावर, संविधान सभेनं ती संविधानाचा भाग म्हणून मंजूर केली. तरी १९६० ला बेरुबारी प्रकरणात सुप्रीम कोर्ट म्हणालं, ही संविधानकर्त्यांचं मन उघडायची किल्ली आहे, पण भाग नाही. (ते पण आमच्या बेळगावसारखं सीमेचंच भांडण, बंगालमधला मुलूख पाकिस्तानला द्यायचा होता.) १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायाधीश बसले तेव्हा ही चूक दुरुस्त झाली. खटला घालणारे हे केशवानंद स्वामी कासरगोडच्या एडनीर मठाचे, म्हणजे ज्या कासरगोडवर कर्नाटक हक्क सांगतं तिथलेच, काय योग बघा! खटला मात्र केरळच्या जमीन कायद्यावरून होता.

दोन्ही एकाच ठिकाणी बघायचं तर १९७६ ची ४२ वी घटनादुरुस्ती घ्या. समाजवाद, धर्मनिरपेक्षता हे आदर्श स्पष्ट लिहायचे आहेत असं तिच्या निवेदनात होतं, ते निवेदन आज कोण वाचतं? पण तेच शब्द उद्देशिकेत गेले आणि १९९४ ला आपल्या कर्नाटकाचे मुख्यमंत्री राहिलेल्या बोम्मईंच्या खटल्यात त्यांचं वजन दिसलं.

आता साध्या कायद्यांचं. जुन्या कायद्यांना 'ज्याअर्थी'नं सुरू होणारी पीठिका असते, ती कायद्यासोबतच पास झालेली, म्हणून कलम संदिग्ध असेल तर उपयोगी पडते. पण कलम स्वच्छ असेल तर ना पीठिका त्याच्यावर मात करते ना निवेदन, आणि संविधानाच्या उद्देशिकेवरूनही नुसता दावा ठोकता येत नाही.

काकांना हे पटेना. मग मी १९५६ चा राज्य पुनर्रचना कायदा मोबाईलवर काढला, कलम ७ दाखवलं, नव्या म्हैसूर राज्यात काय काय जाणार त्याची यादी, त्यात 'चंदगड तालुका सोडून बेळगाव जिल्हा'. म्हटलं, "भाषेसाठी राज्यं केली असं कुठंही लिहिलेलं असू दे, जिल्हा कुठं गेला ते ह्या ओळीनं ठरलं. म्हणून तर बेळगावसाठी महाराष्ट्रानं २००४ ला कोर्टात जाऊन कायद्यालाच हात घातला."

काका बराच वेळ त्या ओळीकडं बघत राहिले. मग हायलायटरवालं पान घडी करून खिशात टाकलं आणि दुकानदाराला म्हणाले, "ह्या बिलाची कलमाची पानं काढ रे, दोन्ही बाजूनं."