'दर सहा महिन्यांनी दात साफ करून घ्या' हे कुठून आलं?

खालच्या पुढच्या दातांच्या मागून जिभेचं टोक फिरवून बघा. नुकतेच दात घासलेले असले तरी तिथे खरखरीत कड लागली, तर ते कीटण. जागा तीच का? जिभेखाली लाळेच्या ग्रंथींची तोंडं उघडतात, आणि लाळेत कॅल्शियम नि फॉस्फेट विरघळलेलं असतं. दातावरचा मऊ थर वेळेवर निघाला नाही, की हे क्षार त्यात बसत जातात आणि थराचा दगड होतो. वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूलाही हेच, कारण तिथे गालातल्या ग्रंथीची नळी उघडते. दगड झाल्यावर ब्रश कितीही जोरात घासा, हिरडी सोलवटेल पण कीटण हलणार नाही. ते कोणीतरी दुसऱ्यानेच, हत्याराने काढावं लागतं.

ही गोष्ट माणसाला फार पूर्वी कळली होती. सुश्रुतसंहितेत या रोगाचं नावच 'दंतशर्करा' आहे, म्हणजे दातावर खड्यासारखा घट्ट बसलेला मळ. तो काढायला दंतशंकु नावाचं हत्यार सांगितलंय, आणि सूचना अशी, की दातांच्या मुळांना इजा न करता वैद्याने शर्करा काढावी, मग लाखेचं चूर्ण मधात कालवून चोळावं. हिरडी न दुखावता दात साफ करणं ही आजच्या डेंटिस्टचीही कसोटीच आहे.

दहाव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधल्या कॉर्डोबाजवळ अल-झहरावी या शल्यवैद्याने याच कामासाठी चौदा वेगवेगळ्या खरवडण्यांची चित्रं काढून ठेवली. आतल्या बाजूला एक, बाहेरच्या बाजूला दुसरी, दोन दातांच्या मध्ये तिसरी. काळे, पिवळे, हिरवट खवले दातांवर नि हिरडीखाली साचतात, त्यांची घाण हिरडीला लागते आणि दात उघडे पडतात, असं तो लिहितो. एका बैठकीत निघालं नाही तर दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी परत बसा, पण पुरतं काढा. प्रत्येक बाजूला वेगळ्या टोकाचं हत्यार, ही कल्पना अजून बदललेली नाही. डेंटिस्टच्या ट्रेमध्ये डोकावून बघा.

मधली काही शतकं मात्र याची रयाच गेली. युरोपात हे काम न्हाव्यांकडे होतं. ते दात कानशीने घासायचे आणि वरून नायट्रिक आम्ल फिरवायचे. दात पांढरेशुभ्र व्हायचे खरे, पण आम्लाने एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण कवच, खाल्लं जायचं आणि काही वर्षांत दात किडायचे. 'स्केलिंगने (कीटण खरवडून काढण्याने) दात खराब होतात' ही भीती अशा अनुभवांतूनच मुरत आली असेल, तर आपण पूर्वजांना दोष देऊ शकत नाही. १७२८ साली पॅरिसमध्ये पिएर फोशार यांचा दंतशल्यावरचा मोठा ग्रंथ आला आणि हा धंदा पुन्हा शिस्तीत बसायला लागला.

पण त्या कीटणात वाईट असतं तरी काय? याचं पहिलं उत्तर डॉक्टरने नव्हे, कापडाच्या व्यापाऱ्याने दिलं. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचे लेवेनहूक रोज मिठाने दात घासायचे, चूळ भरायचे, दाढा कोरायचे, फडक्याने पुसायचे. पन्नाशीतही दात स्वच्छ. तरी दाढांच्या फटीत पिठाच्या सरबरीत भिजवणासारखा पांढरा लेप राहायचाच. १६८३ साली त्यांनी तो पावसाच्या पाण्यात कालवून स्वतः घासलेल्या भिंगाखाली धरला, तर आत जीव वळवळत होते. जन्मात तोंड न धुतलेला एक म्हातारा त्यांना भेटला, त्याच्या लेपात तर त्यांचा बुजबुजाट होता. लंडनच्या रॉयल सोसायटीला त्यांनी हे सगळं कळवलं.

त्यांच्या पत्रव्यवहारातली मला सगळ्यात आवडणारी नोंद व्हिनेगरची आहे. लेप बाहेर काढून व्हिनेगरमध्ये कालवला तर जीव मरतात. तोंडात व्हिनेगरने चूळ भरली तर मात्र फक्त वरचेवरचे मरतात, आतले तसेच जिवंत. जंतू थर करून राहतात आणि तो थरच त्यांचं चिलखत असतो, हे विज्ञानाला नीट उमगायला पुढे जवळजवळ तीनशे वर्षं गेली. माउथवॉशच्या भरवशावर ब्रश नि स्केलिंग टाळणाऱ्यांनी ही नोंद दोनदा वाचावी.

लेवेनहूकच्या शोधाचा दंतवैद्यकाला बराच काळ काही उपयोग झाला नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या हार्टफर्डचे जॉन रिग्ज हिरड्यांतून पू येऊन दात हलण्याचा रोग हिरडीखालचं कीटण काढून बरा करत होते. त्या रोगाला काही काळ त्यांचंच नाव होतं. (१८४४ मध्ये होरेस वेल्स यांनी लाफिंग गॅस हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली, ती काढणारे हेच रिग्ज.) हिरडी कापण्याची गरज नाही, मुळाशी बसलेली घाण काढा, हिरडी आपोआप आवळते, असं त्यांचं म्हणणं. मग १८९० मध्ये बर्लिनहून विलोबी मिलर यांनी तोंडातले जंतू साखर-पिष्टापासून आम्ल करतात आणि त्याने दात किडतात, ही मांडणी पुस्तकरूपाने आणली. खरवडण्याला शेवटी कारण मिळालं.

'नियमित' हा शब्द त्यानंतर आला. तोवर त्रास झाला की जायचं, एवढंच. १८९० च्या दशकात फिलाडेल्फियाचे डॉ. डी. डी. स्मिथ ठरावीक रोग्यांना त्रास नसतानाही बोलवायला लागले, तेही दर महिन्याला, आणि लाकडी काडीला प्युमिसची भुकटी लावून प्रत्येक दात घासून द्यायला लागले. ते पाहून अमेरिकेतल्याच ब्रिजपोर्टचे डेंटिस्ट आल्फ्रेड फोन्स भारावले, पण एका डेंटिस्टला एवढा वेळ कुठून मिळणार? १९०६ मध्ये त्यांनी आपल्या मदतनीस आयरीन न्यूमन यांना हे काम शिकवलं. न्यूमन त्यांच्या नात्यातल्याच. नोव्हेंबर १९१३ मध्ये फोन्स यांनी दवाखान्याच्या गॅरेजमध्ये बायकांसाठी शाळा काढली. त्यातून तयार झालेल्या डेंटल हायजिनिस्ट, म्हणजे दात साफ करायला शिकलेल्या बायका, शाळाशाळांतून मुलांचे दात साफ करत फिरल्या. १९१७ मध्ये न्यूमन यांना या व्यवसायाचा पहिला परवाना मिळाला.

हत्यारातही एक मोठा बदल झाला. १९५० च्या दशकात दात कोरायला म्हणून अल्ट्रासाउंडचं यंत्र आलं. कोरण्याच्या कामात वेगवान ड्रिलने त्याला मागे टाकलं, पण कीटण उडवायला ते उत्तम निघालं. टोक सेकंदाला पंचवीस हजारांहून जास्त वेळा थरथरतं आणि पाणी ते थंड ठेवतं. कानात घुसणारी ती किणकिण आणि हनुवटीवर ओघळणारं पाणी, ते हेच. ते दात घासून झिजवत नाही, कीटणाला हादरे देऊन सोडवतं. साफसफाईनंतर दात हलायला लागले असं वाटतं तेव्हा बहुतेकदा हाड आधीच झिजलेलं असतं आणि कीटणाच्या पाचरीने दात तात्पुरते अडकून राहिलेले असतात.

पुरावा मात्र पुष्कळ उशिरा आला. १९६५ मध्ये डेन्मार्कच्या आर्हुसमध्ये हेराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी १२ निरोगी लोकांना दात घासणं बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणं सुरू केल्यावर पूर्ववत झाल्या. मग ल्यो श्रीलंकेच्या चहामळ्यांत गेले. दात घासण्याची पद्धत नसलेले, डेंटिस्टचं तोंड न पाहिलेले ४८० मजूर १९७० पासून १५ वर्षं तपासले. सगळ्यांच्या दातांवर कीटण होतं. पण ८ टक्क्यांचे दात झपाट्याने गेले, ८१ टक्क्यांचा रोग सावकाश वाढला, आणि ११ टक्क्यांचा हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही. घाण सारखीच, नशीब वेगळं.

त्याच दशकात स्वीडनच्या कार्लस्टाडमध्ये आक्सेलसन आणि लिंडे या संशोधकांनी एका गटाला दर दोन-तीन महिन्यांनी बोलावून दात साफ केले, घासायला शिकवलं. दुसऱ्या गटावर नेहमीप्रमाणे वर्षातून एकदा उपचार. सहा वर्षांनी पहिल्या गटात नवी कीड जवळजवळ नाही, हिरड्या शाबूत. दुसऱ्या गटाची अवस्था इतकी बिघडत गेली की त्यांना तसंच ठेवणं बरोबर वाटेना. पहिला गट पुढे तीस वर्षांपर्यंत तपासला, मोजकेच दात गेले होते.

या सगळ्यात 'दर सहा महिने' कुठे आहे? कुठेच नाही. तो आकडा डॉक्टरांच्या सवयीतून आणि विसाव्या शतकातल्या अमेरिकी टूथपेस्टच्या जाहिरातींतून घराघरांत पोचला. १९७७ मध्ये ऑब्रे शेइहॅम यांनी 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात थेट विचारलं, याला शास्त्रीय आधार काय? २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या १,८७७ लोकांवरच्या चाचणीचा निष्कर्ष आला. हिरड्यांचा गंभीर रोग नसलेल्या आणि एरवी डेंटिस्टकडे जाणाऱ्या माणसांत सहा महिन्यांनी, वर्षाने किंवा तीन वर्षं अजिबात स्केलिंग न करता हिरड्यांतून रक्त येण्यात फरक पडला नाही. हे वाचून 'म्हणजे जायलाच नको' असं म्हणणारे भेटतात. त्यांनी 'गंभीर रोग नसलेल्या' हे शब्द गाळलेले असतात. आणि तो रोग दुखत नाही, म्हणून आपण कुठल्या गटात आहोत ते आरशात कळत नाही.

ते कळतं खुर्चीत. डेंटिस्ट मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई हिरडी नि दाताच्या फटीत हलकेच सरकवतात आणि मदतनिसाला आकडे सांगतात, "दोन, तीन, दोन." असंच संपलं, तर वर्ष-दीड वर्षाने या म्हणणं वावगं नाही, ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना मोठ्यांसाठी ३ ते २४ महिन्यांतलं कुठलंही अंतर मान्य करतात. मध्येच "पाच" आणि "सहा, रक्त" ऐकू आलं, तर खोल फटी साफ होतात आणि पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची पडते, कारण खोल फटीत साफ केलेले जंतू काही आठवड्यांत पुन्हा बिऱ्हाड करायला लागतात.