शाळेच्या वाट्याचा पैसा आणि बालकाच्या नावाचा पैसा: टायटल वन आणि हेड स्टार्ट

अमेरिकेतील एखाद्या सार्वजनिक शाळेत चार वर्षांच्या मुलांचा मोफत वर्ग भरताना दिसला, की तो हेड स्टार्ट या गरीब घरांतील बालकांसाठीच्या केंद्रीय कार्यक्रमाचा वर्ग असणार असे सहज गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात तो टायटल वन या शाळांसाठीच्या केंद्रीय निधीच्या पैशावर चाललेला असू शकतो, आणि काही ठिकाणी दोन्ही निधी एकाच वर्गात एकत्र आलेले असतात. दोन्ही योजना केंद्र सरकारच्या आहेत, दोन्हींचा रोख गरीब वस्त्यांतील मुलांकडे आहे आणि दोन्हींचा जन्म १९६५ सालचा आहे, त्यामुळे हा घोटाळा होणे स्वाभाविक आहे. तरीही कोणत्या मुलाच्या नावाने पैसा येतो आणि तो कोणावर खर्च होतो, हे पाहिले की दोन्ही योजना एकमेकींपासून बऱ्याच दूर उभ्या असल्याचे लक्षात येते.

टायटल वन हा शालेय शिक्षणाच्या मुख्य कायद्याचा पहिला भाग आहे. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ११ एप्रिल १९६५ रोजी टेक्सासमध्ये, आपण लहानपणी शिकलेल्या एका खोलीच्या शाळेजवळ, आपल्या पहिल्या शिक्षिकेला शेजारी बसवून या कायद्यावर सही केली. हेड स्टार्ट मात्र शिक्षण कायद्यातून आलेला नाही. तो दारिद्र्याविरुद्धच्या मोहिमेतून आला. त्याच वर्षी आठ आठवड्यांचा उन्हाळी उपक्रम म्हणून तो सुरू झाला आणि पहिल्याच उन्हाळ्यात पाच लाखांहून अधिक मुले त्यात दाखल झाली. पुढे १९७९ मध्ये स्वतंत्र शिक्षण विभाग स्थापन होत असताना हेड स्टार्ट तिकडे हलवावा असा विचार पुढे आला होता, पण या कार्यक्रमाच्या पाठीराख्यांनी त्याला कसून विरोध केला. त्यामुळे टायटल वन शिक्षण विभागाकडे गेला आणि हेड स्टार्ट आरोग्य व मानवी सेवा विभागाकडेच राहिला. तो विरोध योग्यच होता असे मला वाटते, कारण हेड स्टार्टमध्ये अक्षरओळखीइतकेच मुलाचे दात, त्याचे जेवण आणि त्याच्या पालकांची परिस्थितीही महत्त्वाची मानली जाते.

दोन्ही निधींचे मार्गही वेगळे आहेत. टायटल वनचा पैसा ठरलेल्या सूत्रांनुसार राज्यामार्फत शालेय जिल्ह्याकडे, म्हणजे त्या भागातील सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेकडे, आणि तेथून शाळांकडे जातो. हेड स्टार्टचे अनुदान राज्याला वळसा घालून थेट स्थानिक संस्थेच्या हाती पडते. ती संस्था स्वयंसेवी असेल, आदिवासी जमातीचे प्रशासन असेल किंवा शालेय जिल्हाही असेल. अलीकडच्या वर्षांत टायटल वनला दरवर्षी सुमारे १८ अब्ज डॉलर आणि हेड स्टार्टला सुमारे १२ अब्ज डॉलर मिळत आले आहेत. हे आकडे शेजारी ठेवून टायटल वन हाच पूर्वप्राथमिक शिक्षणाचा मोठा आधार आहे असे कोणी म्हणू लागले, तर मोठी चूक होईल. हेड स्टार्टचा पैसा शाळेच्या वयाच्या आतील मुलांसाठीच असतो, तर टायटल वनचा बहुतांश भाग शाळकरी मुलांवर खर्च होतो आणि त्यातला लहानसा वाटाच पूर्वप्राथमिक वर्गांकडे वळतो.

हा वाटा लहान का राहतो, याचे मोठे कारण सूत्रातच दडलेले आहे. टायटल वनचे वाटप मुख्यतः जिल्ह्यातील ५ ते १७ वयोगटातील गरीब मुलांच्या संख्येवर ठरते. तीन-चार वर्षांची मुले त्या मोजणीत येतच नाहीत. कायदा त्यांच्यावर खर्च करण्याची पूर्ण मुभा देतो, पण त्यांच्यासाठी एक डॉलरही जास्तीचा पाठवत नाही. म्हणून जिल्हा जेव्हा टायटल वनमधून बालवर्ग उघडतो, तेव्हा तिसरीतल्या कच्च्या वाचकाच्या किंवा सातवीत गणितात मागे पडलेल्या मुलीच्या वाट्यातून तो पैसा उचलून देत असतो. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांपुढचा हा निर्णय खरोखर अवघड आहे. लहान वयात केलेला खर्च पुढची उणीव कमी करेल हा युक्तिवाद मला पटतो, पण मागे पडलेली मुलगी आज वर्गात बसलेली आहे आणि बालवर्गाचा लाभ दिसायला काही वर्षे लागणार आहेत, हेही तितकेच खरे आहे.

हा निर्णय धाडसाने घेतला गेल्याचे उदाहरण शिकागोमध्ये आहे. तेथे १९६७ मध्ये टायटल वनच्या पैशातून बाल-पालक केंद्रे सुरू झाली. मुलांना तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून घ्यायचे, पालकांना केंद्राच्या कामात सामील करायचे आणि ही साथ प्राथमिक इयत्तांपर्यंत सुटू द्यायची नाही, अशी त्यांची रचना होती. तेथील १,५०० हून अधिक मुलांचा पुढे प्रौढपणापर्यंत मागोवा घेण्यात आला. केंद्रांच्या पूर्वप्राथमिक वर्गात शिकलेली मुले शालेय शिक्षण पूर्ण करण्यात आपल्यासारख्याच इतर मुलांच्या पुढे राहिली.

प्रवेशाचे नियम अधिक गोंधळात टाकतात. हेड स्टार्टमध्ये मुख्य निकष कुटुंबाची परिस्थिती हाच आहे. केंद्र सरकारच्या दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील मुले पात्र ठरतात. बेघर मुले आणि सरकारी व्यवस्थेने दुसऱ्या कुटुंबाकडे सांभाळायला दिलेली (फॉस्टर) मुले उत्पन्न न पाहता पात्र असतात. आणि किमान १० टक्के जागा अपंगत्व असलेल्या मुलांसाठी असाव्यात असा दंडक आहे. टायटल वनमध्ये आधी शाळा पाहिली जाते. जिथे सर्वसाधारणपणे किमान ४० टक्के मुले गरीब कुटुंबांतील आहेत, अशी शाळा संपूर्ण शाळेसाठी योजना राबवू शकते, आणि मग त्या शाळेच्या हद्दीत राहणारे पूर्वप्राथमिक वयाचे कोणतेही मूल पात्र असते, त्याचे वडील डॉक्टर असले तरी. इतर शाळांमध्ये शैक्षणिकदृष्ट्या मागे पडण्याचा धोका असलेली मुले निवडावी लागतात, आणि केवळ उत्पन्न कमी आहे एवढ्यावर निवड करणे पुरेसे मानले जात नाही. म्हणजे "आमचे उत्पन्न कमी आहे, म्हणून जागा मिळेल" हे वाक्य हेड स्टार्टच्या दारात अर्थपूर्ण आहे, टायटल वनच्या दारात ते अपुरे आहे. अर्थात हेड स्टार्टमध्येही पात्रता म्हणजे हक्काची जागा नव्हे. निधी दरवर्षी मंजूर होतो आणि तो संपला की पात्र मूलही प्रतीक्षायादीत राहते.

पैशाच्या अटींबाबत थोडक्यात सांगायचे, तर हेड स्टार्ट चालवणाऱ्या संस्थेला सामान्यतः खर्चाचा २० टक्के भाग स्थानिक पातळीवर उभा करावा लागतो आणि त्यात स्वयंसेवकांच्या वेळेचे मूल्यही धरता येते. टायटल वनमध्ये असा वाटा मागितला जात नाही, पण राज्य व स्थानिक पैशाच्या जागी हा पैसा वापरता येत नाही. तो वरची भर म्हणूनच वापरावा लागतो.

इतके वेगळेपण असूनही कायद्याने या दोघांना ठिकठिकाणी एकत्र बांधले आहे. टायटल वनच्या पैशातून गरीब कुटुंबांतील लहान मुलांसाठी वर्ग चालवणाऱ्या जिल्ह्याला हेड स्टार्टची शैक्षणिक मानके पाळावी लागतात. २०१५ च्या सुधारित कायद्यानुसार टायटल वन मिळणाऱ्या जिल्ह्याने स्थानिक हेड स्टार्ट संस्थेशी समन्वयाचा करार करायचा असतो, ज्यात मुलांच्या नोंदी शाळेकडे पोहोचवणे आणि दोन्हीकडच्या शिक्षकांचे एकत्र प्रशिक्षण यांसारख्या बाबी येतात. आणि ज्या शाळांत मुले निवडून घ्यावी लागतात, तेथे गेल्या दोन वर्षांत कधीही हेड स्टार्टमध्ये असलेले मूल टायटल वनच्या मदतीसाठी आपोआप पात्र ठरते. त्याच्या पालकांना मुलाची गरज नव्याने सिद्ध करत बसावे लागत नाही.